मिळालंय, आणि अजून वाट बघतोय

आमची लेक घरी आली त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी आम्ही तिला पहिल्यांदा उपासनेला घेऊन गेलो. अकरा महिन्यांची होती, अंगात पिवळं स्वेटर, माझ्या ओढणीचं टोक तोंडात. उपासना सुटल्यावर सगळे बघायला जमले, कुणी तिच्या मुठीत शंभराची नोट कोंबली, कुणी गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि एक काका, ज्यांना मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून ओळखते आणि ज्यांचं मन खरंच सोन्यासारखं आहे, ते डोळ्यात पाणी आणून म्हणाले, "बाळा, देवाने जसं आपल्यासारख्या पाप्यांना दत्तक घेतलं तसंच तुम्ही या लेकराला पदरात घेतलंत, देव तुम्हाला भरून देईल." मी त्यांच्या पाया पडले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य घशात अडकल्यासारखं झालं होतं, कारण त्या हिशोबाने मी आणि नवरा झालो देव आणि ती झाली पापी, आणि ती तर मागच्या सीटवर माझ्या मांडीवर झोपली होती, तोंडाला दुधाचा वास.

तेव्हापासून मी बायबलातल्या दत्तकाबद्दल वाचत आलेय. धर्मशास्त्राची पदवी वगैरे नाही माझ्याकडे, रात्री ती झोपली की वाचायचं, असं आठ वर्षं चाललंय, आणि आता मला वाटतं की काकांना तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला थोडंफार सांगता येईल.

सुरुवात शब्दापासून. मराठी बायबलात आपण 'दत्तकपण' वाचतो, त्याच्या मागचा ग्रीक शब्द आहे 'ह्युओथेसिया'. ह्युओस म्हणजे मुलगा आणि दुसरा भाग ठेवणं, बसवणं या अर्थाचा, म्हणजे 'मुलगा म्हणून बसवणं'. अख्ख्या नव्या करारात हा शब्द फक्त ५ वेळा येतो आणि पाचही वेळा पौलाच्या, म्हणजे पहिल्या शतकातल्या प्रेषिताच्या, नावाच्या पत्रांत, रोमकरांस पत्रात तीनदा, गलतीकरांस एकदा, इफिसकरांस एकदा. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनकथांत, तो नाही. योहान देवाची लेकरं म्हणतो पण तो जन्माची भाषा वापरतो, दत्तकाची नाही. आणि मोशेच्या नियमशास्त्रात दत्तक घेण्याचा कायदाच नाही! फारोच्या मुलीने मोशेला मुलगा केलं, मर्दखयाने एस्तेरला मुलगी मानलं, पण ते परक्या देशांत. तरी पौल रोमकरांस ९ मध्ये म्हणतो की दत्तकपण इस्राएल लोकांचं आहे, कारण बायबलाच्या निर्गम पुस्तकात देव इस्राएलला माझा ज्येष्ठ पुत्र म्हणतो. म्हणजे मनामागे मिसरमधून सुटलेले गुलाम, आणि शब्द मात्र ग्रीक-रोमन लोकांच्या रोजच्या कायद्यातला.

आता त्या लोकांना हा शब्द ऐकून काय दिसायचं? पाळणा आणि बाळ तर नक्कीच नाही. आज आपण दत्तक म्हटलं की संस्था, बाळ, फोटो, आनंदाश्रू असं डोळ्यासमोर येतं. पण जुन्या मराठी कानाने ऐका, 'दत्तक' म्हटलं की झाशीचे दामोदरराव आठवतात, किंवा बडोद्याची गादी. कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा गोपाळ, १२ वर्षांचा, १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि त्याचा सयाजीराव झाला. नाव बदललं, घर बदललं, पूर्वज बदलले, आणि गादी मिळाली. त्यात अनाथावर दया करणं हा मुद्दाच नव्हता, मुद्दा होता वारस. रोममध्ये अगदी हेच होतं, त्यामुळे हा शब्द आपल्याला आजच्या अमेरिकन वाचकापेक्षा लवकर समजायला हवा असं मला मनापासून वाटतं. एक फरक आहे, रोमच्या जुन्या कायद्यात बाई दत्तक घेऊ शकत नव्हती, कारण दत्तक म्हणजे बापाच्या सत्तेखाली येणं आणि ती सत्ता बाईला नव्हतीच.

रोममध्ये दत्तक जाणारे बहुतेक मोठे पुरुष असायचे, वाढलेले, शिकलेले. आणि विधी कसा होता ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिले होते. मुलगा बापाच्या सत्तेत आहे, ती सत्ता आधी तोडायची, आणि तोडायचा मार्ग म्हणजे विक्री. बारा पाट्यांचा जुना कायदा होता, साधारण इसवीसनपूर्व ४५० चा, की बापाने मुलाला तीनदा विकलं तर मुलगा बापापासून मोकळा. मूळ कायदा बापाला आवर घालायला असणार, पण पुढे वकिलांनी त्याचाच दत्तकाचा रस्ता केला. पाच रोमन नागरिक साक्षीला, एक जण तराजू धरून उभा, घेणारा तांब्याच्या तुकड्याने तराजूवर ठोकतो आणि हा माझा म्हणतो, मग तो त्याला सोडून देतो, मुलगा परत बापाकडे, परत तराजू, परत ठोका, परत सोडला, आणि तिसऱ्या ठोक्याला बापाचा हक्क संपला. मग सगळे न्यायाधिकाऱ्यापुढे, नवा बाप म्हणतो हा माझा मुलगा आहे, आणि दुसरी बाजू गप्प राहते. त्या गप्प राहण्यावरच निकाल. (मुलगी किंवा नातू असेल तर एकाच विक्रीत काम व्हायचं, तेवढीच किंमत.)

तो गप्प उभा राहणारा बाप माझ्या डोक्यातून जात नाही. नाटकातली विक्री असली तरी त्याला तिथं उभं राहून तीनदा ऐकावं लागायचं.

आणि एकाची गोष्ट तर नावानिशी लिहून ठेवलेली आहे. एमिलियस पॉलस, रोमचा मोठा सेनापती, त्याला चार मुलगे. थोरले दोघं त्याने दत्तक दिले, एक फेबियस घराण्यात आणि एक सिपिओ घराण्यात. धाकटे दोघं, १४ आणि १२ वर्षांचे, त्याने स्वतःचं नाव चालवायला ठेवले. इसवीसनपूर्व १६७ मध्ये मॅसिडोनियाचं राज्य जिंकून तो रोमला आला, विजयाची मिरवणूक ठरली, आणि मिरवणुकीच्या पाच दिवस आधी एक मुलगा गेला आणि मिरवणुकीनंतर तीन दिवसांनी दुसरा. थोरले दोघं जिवंत होते, तरणेताठे, नावाजलेले, त्यातला एक पुढे उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर पाडणारा सिपिओ झाला. पण कायद्याने ते आता त्याचे नव्हते. लिव्ही आणि प्लूटार्क या जुन्या लेखकांनी, दोघांनीही, हे लिहिलंय, रडारड न करता, आणि तरी वाचताना पोटात कालवतं. दत्तकपण म्हणजे कुणाचंतरी घर भरतं तेव्हा कुणाचंतरी रिकामं होतं, हे रोमन माणसाला सांगावं लागत नव्हतं. आपल्या प्रवचनांमध्ये हा भाग कधीच येत नाही आणि मला तो हवा असतो.

प्रवचनांचं निघालंय तर बोलते. दोन गोष्टी फार ऐकू येतात. एक, रोमन दत्तकात माणसाचं सगळं जुनं कर्ज पुसलं जायचं. हे अर्धं खरं आहे, जो आधीच स्वतंत्र होता अशा माणसाच्या दत्तकात जुन्या कायद्याने कर्ज विरायचं खरं, पण मग सावकारांची वाट लागायला लागली म्हणून न्यायाधिकाऱ्यांनी त्यांना वसुलीचा रस्ता काढून दिला. दुसरं म्हणजे, पोटच्या मुलाला बाप टाकू शकायचा पण दत्तकाला कधीच नाही. हे तर चुकीचंच आहे. सम्राट ऑगस्टसने आपल्या नातवाला, अग्रिपा पोस्टुमसला, इसवीसन ४ मध्ये दत्तक घेतलं आणि दोनतीन वर्षांत दूर करून बेटावर पाठवलं. मला राग याचा येतो की पौलाचं बोलणं इतकं भक्कम आहे, त्याला खोट्या टेकूची गरज काय?

कारण तो हे कधी लिहितोय बघा. रोमकरांस पत्र साधारण इसवीसन ५७ चं, करिंथहून लिहिलेलं. त्या वेळी रोमच्या गादीवर कोण होतं तर नीरो, आणि नीरो दत्तक होता! आधीचा सम्राट क्लॉडियस, त्याला स्वतःचा मुलगा होता, ब्रिटानिकस, तरी त्याने इसवीसन ५० मध्ये बायकोच्या आधीच्या मुलाला दत्तक घेतलं, ५४ मध्ये तोच सम्राट झाला, आणि पोटचा मुलगा ५५ मध्ये मेला, विषाने असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. म्हणजे रोमच्या गल्लीत, अंधाऱ्या माडीवर जमून हे पत्र ऐकणाऱ्या विणकरांना, गुलामांना, गुलामीतून मोकळ्या झालेल्या बायकांना 'दत्तक पुत्र' म्हटल्यावर जगातला सगळ्यात मोठा माणूस दिसत होता. आणि पौल त्यांना म्हणतो की तुम्हाला दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळालाय, तुम्ही वारीस आहात, ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारीस.

कुणाला म्हणतोय हे महत्त्वाचं. गुलामाला कायद्याने बाप नव्हता. आणि उकिरड्यावरून उचललेली पोरं बहुतेक वेळा गुलाम म्हणूनच वाढायची. इजिप्तमध्ये एक पपायरसवरचं पत्र सापडलंय, इसवीसनपूर्व १ मधलं, हिलारिऑन नावाचा मजूर अलेक्झांड्रियातून बायकोला लिहितो, काळजी करू नको, पगार मिळाला की पाठवतो, आणि बाळंत झालीस तर मुलगा असेल तर राहू दे, मुलगी असेल तर टाकून दे. एकाच पत्रात, त्याच मायेने. त्या जगात टाकलेलं मूल उचलणं म्हणजे दत्तक नव्हतंच, दत्तक हा प्रतिष्ठितांचा मामला. पौलाने काय केलं तर प्रतिष्ठितांचा शब्द उचलला आणि ज्यांना कुणी वारस म्हणून निवडलं नसतं त्यांच्या अंगावर घातला, बायकांच्याही. 'पुत्र' शब्द बायकांना खटकतो, मलाही खटकायचा, पण वतन पुत्राला मिळायचं म्हणून तो पुत्र म्हणतो आणि त्याच्या आधीच गलतीकरांस ३ मध्ये सांगून टाकतो की दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरला नाही. इथं मला काकांचं उत्तर सापडतं. पौलाच्या दत्तकपणात दया दाखवणारा आणि उपकारात दबलेला अशी जोडी नाहीये. तिथं एक हक्काने घरात राहणारा माणूस आहे, ज्याच्या तोंडात 'अब्बा' आहे. अब्बा हा अरामी शब्द, येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत देवाला मारलेली हाक, ग्रीक पत्रात तशीच्या तशी ठेवलीय, म्हणजे ही भाषा न येणारे लोकही प्रार्थनेत तो शब्द तसाच म्हणत असणार.

आता ज्या जागेसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. रोमकरांस ८ च्या १५ व्या वचनात पौल म्हणतो दत्तकपणाचा आत्मा मिळालाय. आणि आठच वचनं पुढे, २३ मध्ये, म्हणतो की आपण कण्हत दत्तकपणाची वाट बघतोय. मिळालंय की वाट बघतोय? लहानपणी संडे स्कूलमध्ये हे मला कधी दिसलंच नाही. दिसलं ते लेक घरी आल्यावर. कारण आपल्याकडे मूल आधी घरी येतं, आदेश नंतर. मधल्या काळाला कागदावर दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. आम्हाला कोर्टाचा आदेश यायला सात महिने लागले, तारीख पडायची, कुठलंतरी प्रमाणपत्र राहायचं, परत तारीख. त्या सात महिन्यांत ती पहिलं पाऊल टाकायला शिकली, मला 'माई' म्हणायला लागली, तिला ताप आला की मी रात्रभर बसायचे, पण दवाखान्यात फॉर्मवर 'नातं' लिहायची वेळ आली की पेन थांबायचं. ती आमची होती. आणि आम्ही वाट बघत होतो. दोन्ही एकाच वेळी पूर्ण खरं. आणि मग आदेश आला, २०१५ च्या कायद्याच्या कलम ६३ ची भाषा वकिलांनी वाचून दाखवली, की हे मूल जणू या आईबापांच्या पोटी जन्मलं आहे असं सर्व बाबतीत समजावं, आणि जन्माच्या कुटुंबाशी असलेले संबंध त्या दिवसापासून तुटले. नवरा तिथंच रडला. मी 'तुटले' या शब्दावर अडकले होते, मला तराजू आणि गप्प उभी असलेली दुसरी बाजू दिसत होती, फक्त इथं ती बाजू खोलीतच नव्हती.

माझ्या आत्याला हा कागदसुद्धा मिळाला नव्हता. तिने १९८० च्या आसपास एक मुलगा वाढवला, पण हिंदूंना १९५६ चा दत्तक कायदा होता, ख्रिस्ती माणसाला १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यावर भागवावं लागायचं. म्हणजे कायद्याने ती त्याची 'पालक', मुलगा सज्ञान झाला की तेही संपलं, वारसा आपोआप नाही, त्यासाठी तिला वेगळं मृत्युपत्र करावं लागलं. २००० चा बाल न्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती आली तेव्हा कुठे आपल्या लोकांना पूर्ण अर्थाने दत्तक घेता यायला लागलं. जे लोक दर रविवारी स्वतःला देवाचे दत्तक म्हणवतात त्यांना या देशात शंभरावर वर्षं कायद्याने कुणाला दत्तक म्हणता येत नव्हतं. आत्याला रोमकरांस ८ पाठ होता. तिने तो अध्याय वाचताना काय वाटत असेल हे मी तिला विचारलं नाही आणि आता ती नाही.

पुढच्या शतकांमध्ये या शब्दाचं जे झालं त्यातला एक भाग मला जड जातो. इसवीसन १८० च्या सुमारास ल्योंचा बिशप इरेनियस अजून पौलाच्याच सुरात आहे, देवाचा पुत्र माणूस झाला तो यासाठी की माणसाला दत्तकपण मिळून त्याने देवाचा पुत्र व्हावं. पण मग वाद येतात. बायझँटियमचा थिओडोटस, चामड्याचं काम करणारा, रोममध्ये शिकवायला लागला की येशू हाच मुळात माणूस आणि देवाने त्याला निवडलं, आणि १९० च्या सुमारास पोप व्हिक्टरने त्याला मंडळीबाहेर काढलं. अशा मतांना पुढे दत्तकवाद असं नाव पडलं. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेने येशूबद्दल 'जनित, निर्मित नव्हे' असं ठरवलं, आठव्या शतकात स्पेनमध्ये हाच वाद परत पेटला आणि ७९४ ला फ्रँकफर्टच्या सभेत परत निकाल झाला. सिद्धांत म्हणून मी निकियाच्या बाजूची आहे, त्यात शंका नाही. पण या सगळ्यात 'स्वभावाने पुत्र' आणि 'कृपेने पुत्र' अशी जोडी पक्की झाली आणि ती जोडी चर्चच्या दारातून बाहेर पडून घराघरात गेली की तिचं 'खरी मुलगी' आणि 'आणलेली मुलगी' होतं. माझ्या एका नातेवाईकांनी लेकीच्या देखत विचारलंय, "आणि स्वतःचं नाही झालं का पुढे?" ती चार वर्षांची होती, पोळी खात होती, तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्या रात्री मला ऑगस्टीन, चौथ्या-पाचव्या शतकातला आफ्रिकेतला बिशप, उपयोगी पडला. योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचन करताना तो म्हणतो, त्याचा सारांश माझ्या शब्दांत, की माणसं मूल नसलं म्हणजे म्हातारपणी दत्तक घेतात, पण देवाला एकुलता एक होता तरी त्याला एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून त्याने आणखी भावंडं केली, आणि त्या एकुलत्याला सहवारसांची भीती वाटली नाही, कारण हे वतन पुष्कळांनी घेतलं तरी आखडत नाही. सातबाऱ्यावर एक नाव वाढलं की भाऊबंदकी सुरू होते अशा गावातून मी आलेय, त्यामुळे न आखडणारं वतन म्हणजे काय ते मला फोड करून सांगावं लागलं नाही. आणि बघा, इथं दत्तक हा उणीव भरून काढायचा उपाय राहत नाही. आम्हीही काही भोक बुजवायला तिला आणलं नव्हतं.

मंडळीत आपण एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतो ते इतकं सवयीचं झालंय की ऐकूही येत नाही. सुरुवातीच्या काळात बाहेरच्यांना ते इतकं विचित्र वाटायचं की भाऊबहीण आपसात शरीरसंबंध ठेवतात असे आरोप व्हायचे. पौल रोमच्या पत्रात रूफाच्या आईला सलाम सांगतो आणि म्हणतो ती माझीही आई, ही बाई कोण, तिने त्याला कधी जेवू घातलं, काही लिहिलेलं नाही. आणि या नव्या घरासाठी जुनं घर मोडायचंही. कार्थेजमध्ये २०३ मध्ये पर्पेतुआला ख्रिस्ती म्हणून पकडलं, वय साधारण २२, अंगावर पिणारं मूल. तिची स्वतः लिहिलेली तुरुंगातली टिपणं आहेत. तिचा पांढऱ्या केसांचा बाप येतो, तिचे हात चुंबतो, पायाशी लोळण घेतो, आणि रडता रडता तिला लेक न म्हणता बाईसाहेब म्हणायला लागतो. ती मागे हटत नाही पण त्याच्यासाठी तिला फार वाईट वाटतं, ते तिने लपवलेलं नाही.

तिच्याबरोबर फेलिसिता होती, गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. शिक्षा म्हणजे आखाड्यात जनावरांपुढे जाणं, पण गरोदर बाईला तिथं सोडत नसत म्हणून तिला भीती की आपण मागे राहू. मग तुरुंगातच कळा सुरू झाल्या, पहारेकरी हसत होता, आत्ताच ओरडतेस तर जनावरांपुढे काय करशील, आणि तिला मुलगी झाली. गुलाम बाईची मुलगी, हिलारिऑनने टाकून दे म्हटलं असतं तसली. पुढे त्या हकिकतीत एकच ओळ आहे, की एका बहिणीने तिला आपली लेक म्हणून वाढवलं. बहीण म्हणजे मंडळीतली, विश्वासातली. कायद्याने बाईला दत्तक घेता येत नव्हतं, गुलामाच्या पोरीला तर घर नव्हतंच, आणि तिने तिला नेलं.

आमच्या मंडळीत संतांचे दिवस पाळत नाहीत, तरी ७ मार्चला, त्या दोघींच्या दिवशी, मी घरी एकटी प्रार्थना करते. पर्पेतुआचं नाव घेते, फेलिसिताचं घेते, त्या बहिणीचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून नुसतं 'ती बहीण' म्हणते. आणि लेकीची पहिली आई, तिचंही नाव मला माहीत नाही, तिचं पण त्याच वेळी.